गुहेतली मेजवानी

आपल्या धाकट्या दिराबद्दल रेंजरबाईंचं मत लग्न होऊन घरात आल्या त्याच आठवड्यात ठरलं होतं, आणि त्यानंतर ते बदलावं असं त्याने काही केलं नाही. त्याची आई त्याला ‘बाळ’ म्हणायची. चाळिशी ओलांडली, कानशिलं पांढरी झाली, पोट पट्ट्यावरून ओघळायला लागलं, तरी तो बाळच. आधी त्याने व्यायामशाळा काढली. तिथे व्यायाम सोडून बाकी सगळं चालायचं. मग फरशांचं दुकान. मग कुत्र्यांचं वसतिगृह, ज्याच्या कुंपणाखालून एके सकाळी सगळी कुत्री निघून गेली आणि आपापल्या घरी सुखरूप पोचली. कुत्र्यांना जे कळलं ते आपल्या सासूबाईंना का कळत नाही, हे रेंजरबाईंना कोडं होतं. प्रत्येक वेळी धंदा बुडाला की बाळ हात झटकून म्हणायचा, “आपल्याकडे लोकच अजून तयार नाहीत.”

रेंजरबाईंचे यजमान, म्हणजे बाळचे थोरले भाऊ, दातांचे डॉक्टर होते. भला माणूस. खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला ते सांगत, “अजिबात दुखणार नाही.” हे वाक्य तोंडात इतकं बसलं होतं की घरात भांडण झालं तरी ते तेच म्हणत.

बाईंचा सगळा जीव होता तो डोंगरावर. गावाच्या मागे उभा असलेला तो ज्वालामुखी गेल्या कित्येक पिढ्यांत कुणावर रागावला नव्हता. माथ्यावरच्या भेगांतून थोडी वाफ यायची, दमट दिवसांत गंधकाचा वास खाली बाजारापर्यंत उतरायचा, एवढंच. पण उतारावरचं जंगल मात्र जगावेगळं होतं. काळ्याकुळकुळीत लाव्ह्यावर आधी दगडफूल धरायचं, मग शेवाळ, शेवाळात माती साठायची, मातीत माणसापेक्षा उंच नेचे उठायचे आणि त्यांच्या सावलीत मोठी झाडं. कोवळ्या शेवाळावर पाय पडला तर तो ठसा भरून यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. बाई या जंगलाच्या रेंजर होऊन आल्या तेव्हा केस काळे होते. आता नव्हते. या अवधीत त्यांनी लाकूडचोर पाहिले, शिकारी पाहिले, आणि शेवाळावर आडवं पडून फोटो काढून घेणारे नवरे-नवऱ्या पाहिल्या. यातला सगळ्यात घातकी प्रकार कोणता, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी क्षणभरही विचार केला नसता.

तरीही लोक येणारच, हे त्यांना कळत होतं. वाट अडवली की ते दुसरीकडून घुसतात. म्हणून त्यांनी एक योजना आखली होती. जमिनीला न टेकणारी, खांबांवर उभी लाकडी वाट. लहान लहान तुकड्या. वाटाड्या म्हणून पायथ्याच्या वस्तीतल्या बायका. राहायची सोय जंगलात नाही, वस्तीतल्याच घरांत. आणि काही ठिकाणं कायमची बंद. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी हे सगळं नवऱ्याला समजावून सांगितलं. डॉक्टर मान डोलावत होते. शेजारी बाळ खाली मान घालून जेवत होता, मधून मधून मोबाइल चाळत होता. तो ऐकतोय की नाही इकडे बाईंनी लक्षच दिलं नाही. घरातल्या पंख्यापुढे माणूस जितक्या मोकळेपणाने बोलतो तितक्या मोकळेपणाने त्या बाळपुढे बोलायच्या.

पंख्याने मात्र सगळं ऐकून घेतलं होतं.

काही दिवसांनी मुख्य कार्यालयात बैठकीचं बोलावणं आलं. विषय होता ‘शाश्वत वनपर्यटन’. बाई आपली फाइल काखेत मारून गेल्या, तर लांबलचक टेबलाच्या टोकाला, पडद्याशेजारी, हिरव्या कुडत्यात बाळ उभा.

“या वहिनी,” तो म्हणाला. “तुमचीच वाट पाहत होतो.”

मोठे साहेब मधल्या खुर्चीत होते. हा माणूस जंगलखात्याचा प्रमुख होता आणि त्याला झाडांच्या परागांची ॲलर्जी होती. जंगलात यायची वेळ आली तर तो गाडीच्या काचा वर करून यायचा आणि काचा वर करूनच जायचा.

पडद्यावर चित्रं सरकू लागली. खांबांवरची वाट. लहान तुकड्या. वस्तीतल्या बायका. एकेक शब्द बाईंचा होता, फक्त त्याला आता गुळगुळीत इस्त्री केलेली होती. बाळ ‘शाश्वत’ हा शब्द असा वापरत होता जसं काही लोक जेवणात मीठ वापरतात, चव न घेताच. दगडफुलाला तो ‘निसर्गाची मखमल’ म्हणाला. मोठे साहेब गहिवरले. मग बाईंच्या योजनेत जे नव्हतं ते येऊ लागलं. वाटेच्या शेवटी काचेच्या कुटी. गरम झऱ्याचं पाणी वळवून केलेले डुंबायचे हौद. आणि सगळ्यात शेवटी, पडदाभर, एक गुहा. आत मेणबत्त्या, पांढऱ्या चादरींची टेबलं, कोपऱ्यात व्हायोलिनवाला.

“लाव्ह्याच्या पोटात जेवण,” बाळ हळूच म्हणाला. “जगात असं कुठेच नाही.”

टाळ्या पडल्या.

ती गुहा म्हणजे लाव्ह्याचा जुना बोगदा होता. कधीकाळी वरचा लाव्हा थिजला, आतला वाहून गेला आणि मागे लांबच लांब पोकळी उरली. त्या पोकळीच्या छताला हजारो वटवाघळं लटकून राहायची. फळं खाणारी, मोठ्या डोळ्यांची वटवाघळं. संध्याकाळी बाहेर पडायची, रात्रभर फळं खायची, आणि उघड्या बोडक्या लाव्ह्यावर बिया टाकत फिरायची. वरच्या उतारावर जी काही झाडं नव्याने उगवत होती ती यांच्याच कृपेने. सध्या त्यांचा विणीचा हंगाम होता. आया रात्री चरायला जायच्या तेव्हा पिल्लं छताला एकमेकांना बिलगून मागे राहायची.

“गुहा बंद राहील,” रेंजरबाई म्हणाल्या.

“का बरं?” साहेबांनी विचारलं.

“आत वन्यजीव आहेत.”

“अहो बाई, जंगल आहे ते. वन्यजीव असणारच! कारकून असतील की काय?” साहेब स्वतःच्या विनोदावर हसले, म्हणून सगळे हसले.

“वहिनींना वटवाघळांची भीती वाटते,” बाळ लाडात येऊन म्हणाला. “घरी साधं झुरळ दिसलं तरी—”

पुन्हा हशा. झुरळाची गोष्ट साफ खोटी होती. घरात झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायचा तो बाळ.

पिल्लांची गोष्ट बाईंच्या अगदी ओठांवर आली होती. दोन वाक्यांचं काम होतं. पण त्यांनी टेबलाभोवती पाहिलं. साहेब नाक पुसत होते. एक अधिकारी बिस्किट चहात बुडवून ते तुटायच्या आत तोंडात घालायच्या कसरतीत गुंतला होता. बाळ कुडत्याची बाही सारखी करत होता. यांना सांगायचं? यांना? बाईंना एकदम वाटलं की हे यांच्यापुढे बोलणं म्हणजे एखादं पिल्लू हातात धरून यांच्या टेबलावर ठेवणं. त्यांनी फाइल मिटली आणि त्या उठल्या.

“लेखी आदेश पाठवा,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डबा भरत असताना बाळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. कुडता नव्हता, घरातला मळका टी-शर्ट होता, त्यामुळे जरा माणसासारखा दिसत होता.

“वहिनी, रागावलात?”

“छे. रागवायला समोर कुणीतरी असावं लागतं.”

“तुमच्या कल्पना घेतल्या हे खरं आहे. पण तुम्ही त्या फाइलमध्ये ठेवून म्हाताऱ्या केल्या असत्या. मी निदान बाहेर तरी काढल्या.” तो थोडा थांबला. “गुहेचं काय ते नीट सांगा ना. खरंच काही अडचण असेल तर मी बदलतो.”

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. “भावोजी, तुम्हाला सांगून काय उपयोग?”

तो दारातून मागे सरला. मग “बरं” म्हणून निघून गेला. बाईंना त्या उत्तराचं दिवसभर समाधान वाटत राहिलं. किती दिवसांनी नेमका शब्द नेमक्या जागी बसला होता!

काम सुरू झालं. वाटेच्या कामावर बाई स्वतः उभ्या राहिल्या. एकही खांब शेवाळात जाऊ दिला नाही. सुतारांना उघड्या खडकावरच भोकं पाडायला लावली. ठेकेदार म्हणाला, “मॅडम, दोन वीत इकडे तिकडे काय फरक पडतो?” तर त्याला त्यांनी असं काही सुनावलं की तो पुढचे सगळे दिवस त्यांच्याशी मान खाली घालून बोलला. वस्तीतल्या बायकांना त्यांनी शिकवलं, आणि बायका भराभर शिकल्या. यात सगळ्यात तयार होती ती खात्याची वनरक्षक. तिला सगळे ‘भोंगा’ म्हणत, कारण ती कुजबुजली तरी समोरच्या टेकडीवर ऐकू जायचं.

बाळचं काम स्वागतकक्षात चाललं होतं. एके दिवशी बाई तिथे डोकावल्या, तर भिंतीला ओळीने नेचे टांगलेले. त्यांनी एक पान चिमटीत धरलं. प्लास्टिक.

“भावोजी, दार उघडलंत तर बाहेर खरे आहेत.”

“खऱ्यांची पानं गळतात वहिनी. पाहुण्यांना गळलेलं आवडत नाही.”

बाईंनी पान सोडून दिलं. काही गोष्टींवर बोलणं म्हणजे त्यांना मान देणं, असं त्यांचं मत होतं.

उद्घाटन आठवड्यावर आलं तेव्हा साहेबांचा आदेश आला. गुहेतली मेजवानी ‘प्रायोगिक तत्त्वावर’ मंजूर. आणि त्याच पाकिटात दुसरा कागद: रेंजरबाईंनी त्याच दिवसांत शहरातल्या प्रशिक्षण संस्थेत हजर व्हावं. विषय, पर्यटकांमध्ये निसर्गाविषयी संवेदनशीलता कशी जागवावी. बाईंनी दोन्ही कागद भोंग्याला वाचून दाखवले. भोंग्याने मोठ्या साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो बहुधा साहेबांपर्यंत पोचलाही असेल.

“कुणालाही आत सोडू नकोस,” बाई म्हणाल्या.

“साहेबच पुढे असले तर?”

“तर ओरड.”

प्रशिक्षण संस्थेचा हॉल थंडगार होता. खिडक्यांना जाड पडदे होते आणि पडद्यांवर झाडं छापलेली होती. एक गोड आवाजाची बाई सगळ्यांना डोळे मिटून आपण एक झाड आहोत अशी कल्पना करायला सांगत होती. शेजारचा अधिकारी झाड झाला आणि घोरू लागला. रेंजरबाईंनी डोळे उघडेच ठेवले. आपण उठून निघून जावं असं त्यांना दिवसभर वाटत होतं. त्या उठल्या नाहीत. ज्यांना करायचं ते करू देत, मग निस्तरू देत, असं काहीतरी कडू समाधान त्यांच्या मनात घोळत होतं.

मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या संस्थेच्या बागेत चहाचा कप घेऊन उभ्या असताना भोंग्याचा फोन आला. आणि पहिल्यांदाच भोंग्याचा आवाज इतका बारीक होता की बाईंना कान फोनला दाबावा लागला.

“मॅडम, या. आत्ताच्या आत्ता या.”

दुपारी उन्हं तिरपी व्हायच्या आत बाई गुहेच्या तोंडाशी पोचल्या. आत अजून मेणाचा आणि भाजलेल्या मांसाचा वास होता. टेबलं तशीच होती, पांढऱ्या चादरींवर विष्ठेचे डाग, एका ग्लासात उरलेली वाइन. जमिनीवर सगळीकडे पिल्लं पडली होती. मुठीत मावतील एवढी, पंख धड न उघडलेली. काही टेबलांखाली, काही खुर्च्यांवर, एक तर सूपच्या भांड्यात. छत जवळजवळ रिकामं होतं.

काय झालं ते भोंग्याने सांगितलं. संध्याकाळी आया नेहमीप्रमाणे बाहेर पडल्या, त्याचे पाहुण्यांनी फोटो काढले. मग शेकड्याने मेणबत्त्या पेटल्या, मांस भाजायच्या शेगड्या पेटल्या, धूर छताला जाऊन साठला, व्हायोलिनच्या जोडीला ढोलकं आलं. भोंगा दाराशी उभी राहून ओरडली, तर साहेबांनी तिला सांगितलं, “बाई, जरा हळू, संगीत चालू आहे.” आया परत आल्या तेव्हा तोंडाशी दिवे, आत धूर. त्या बाहेर घिरट्या घालत राहिल्या. आतली पिल्लं धुराने एकेक करून सुटायला लागली. पहिलं पिल्लू साहेबांच्या बायकोच्या पाठीवर पडलं, तेव्हा किंकाळ्या फुटल्या आणि मेजवानी संपली. पळताना लोकांनी खाली पाहिलं नाही.

“पाहुण्यांत एक चॅनेलवाला होता, तो तेवढा थांबला होता,” भोंगा म्हणाली. “शूटिंग करत.”

पदर खोचावा तशी बाईंनी गणवेशाची बाही वर केली, टेबलावरची एक चादर ओढून फाडली, आणि जिवंत असलेली पिल्लं शोधायला लागल्या. होती थोडीफार. चादरीच्या तुकड्यांत गुंडाळून त्या दोघींनी ती गुहेच्या तोंडाशी, सावलीतल्या खडबडीत भिंतीला नखांनी लटकतील अशी लावली. आया आल्या तर घेऊन जातील. वरच्या झाडांत काही काळी ओझी लोंबत होती. ती हलत नव्हती, पण गेलीही नव्हती.

तेवढ्यात बाळ आला. पायांत चकाकणारे नवे बूट. गुहेच्या तोंडाशी आला, आत एक नजर टाकली, आणि मागे वळून नेच्याच्या बुंध्याशी भडाभडा ओकला.

“तोंड धुऊन घ्या,” बाई म्हणाल्या. “पण त्या झऱ्यात नको.”

तो खडकावर बसला. चेहरा कागदासारखा झाला होता. तो म्हणाला, “पिल्लं होती.”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं.”

“माझं कामच आहे ते.”

“मग मला का नाही सांगितलंत?” त्याचा आवाज चढला. “मी विचारायला आलो होतो वहिनी. स्वयंपाकघरात. मी विचारलं होतं! तुम्ही नुसतं ‘गुहा बंद’ म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला माझं काही होऊच द्यायचं नाही म्हणून म्हणताय.”

“सांगितलं असतं तर थांबला असतात?”

बाळने गुहेकडे पाहिलं. “माहीत नाही,” तो म्हणाला.

बाईंना त्याचा इतका तिटकारा आला की हातातलं पिल्लू भिंतीला लावताना त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. खोटं तरी बोलायचं! ‘हो, थांबलो असतो’ असं धडधडीत खोटं बोलला असता तर त्याला तिथल्या तिथे झाडता आलं असतं. आयुष्यभर खोटं बोलणाऱ्या या माणसाने खरं बोलायला नेमका हाच दिवस निवडला होता. आता त्यांच्याकडे काय उरलं होतं? साहेबांच्या टेबलाशी ओठांवरून परत फिरवलेली दोन वाक्यं. आणि डब्याचं झाकण लावताना दिलेलं ते उत्तर, ज्याचं दिवसभर कौतुक केलं होतं.

“बूट काढा,” त्या म्हणाल्या. “आत काही अजून जिवंत आहेत. पायाखाली येतील.”

त्याने बूट काढले. पण आत काही तो गेला नाही. उंबऱ्यावर जावं तसं दोन पावलं गेला, पुन्हा उमासा आला, आणि बाहेर येऊन बसला तो भोंग्याने घरी हाकलेपर्यंत बसूनच राहिला.

त्या संध्याकाळी बाईंनी गुन्हा नोंदवला. पहिलं नाव मोठ्या साहेबांचं, दुसरं दिराचं. पुरावा शोधायची गरजच पडली नाही. चॅनेलवाल्याने मेजवानीचं सगळं चित्रीकरण, आनंदी संगीत लावून, स्वतःच जगाला दाखवलं होतं. आधी लोकांनी वाहवा केली. मग कुणीतरी जमिनीकडे नीट पाहिलं.

घरात अर्थातच वादळ उठलं. सासूबाई सोफ्यावर बसून होत्या आणि डोळे कोरडे ठेवून रडत होत्या.

“माझ्या बाळाला तुरुंगात घालणार तू? चार पाखरांसाठी?”

“पाखरं नाहीत आई ती. पिल्लांना दूध पाजणारा जीव आहे.”

“दूध पाजलं म्हणून काय झालं? मी पण पाजलंय!” सासूबाई कडाडल्या. “माझ्यासाठी कुणी गुन्हा नोंदवला?”

डॉक्टर दोघींच्या मध्ये उभे राहिले. “हे बघा, सगळं शांतपणे होईल. अजिबात—”

“दुखणार नाही म्हणालास तर बघ,” बाई म्हणाल्या.

बाईंना अपेक्षा नसताना डॉक्टर आईकडे वळून म्हणाले, “आई, दुखेल. दुखू दे त्याला एकदा.” आणि आत निघून गेले. बाईंना लग्नानंतर पहिल्यांदाच आपल्या नवऱ्याकडे वळून पाहावंसं वाटलं.

प्रकरण जसं संपायचं तसं संपलं. मोठ्या साहेबांची बदली झाली. कुठे, तर त्याच प्रशिक्षण संस्थेत. तिथे ते आता अधिकाऱ्यांना निसर्गाविषयी संवेदनशीलता शिकवतात. हॉल थंडगार असतो, पराग आत येत नाहीत, साहेबांची तब्येत सुधारली आहे. काचेच्या कुटी उतरवल्या, हौद बुजवले. बाळच्या वकिलाने त्याला तुरुंगाऐवजी शिक्षेचा काळ जंगलखात्याच्या कामावर काढायची परवानगी मिळवून दिली, आणि काम कुणाच्या हाताखाली, हे सांगायला नको. खात्याचं तोंड काळं झालं होतं, ते पुसायला काहीतरी हवं होतं, म्हणून बाईंची जुनी योजना धूळ झटकून जशीच्या तशी मंजूर झाली. चांगलं काम याच कारणासाठी मंजूर होतं, हे बाईंना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं, तरी त्या सही करताना मनातल्या मनात एक शिवी हासडून मोकळ्या झाल्या.

वटवाघळं परत आली. सगळी नाही. छताचा मागचा भाग अजून रिकामाच आहे. गुहेच्या अलीकडे एक दोरी बांधली आहे, तिथे वाट संपते. दोरीपाशी बाईंनी फलक लावला. त्यावर विणीचा हंगाम, बीजप्रसार, छताचं तापमान, सगळं नेमक्या शब्दांत लिहिलं. बैठकीत जे बोलल्या नव्हत्या ते सगळं. लोक फलकापुढे उभे राहायचे, त्याच्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढायचे, आणि दोरीखालून पलीकडे जायचे. वाटाड्या बायका ओरडून दमल्या. भोंग्याचा घसा बसला.

मग एके दिवशी भोंगा म्हणाली, “मॅडम, तुमच्या दिराला तिथे उभं करा. असंही झाडू मारायला येत नाही त्याला.”

बाईंनी उभं केलं, आणि काय करतो ते पाहायला त्या एका नेच्याच्या आड थांबल्या.

बाळपुढे एक तुकडी होती. रंगीत टोप्या, महागडे कॅमेरे. एक धिप्पाड गृहस्थ आधीच दोरीवर हात ठेवून आत वाकून पाहत होता. बाळने गळ्यातला रुमाल सारखा केला आणि आवाज खाली आणला. इतका खाली, की लोक पुढे सरकले.

“या दोरीच्या पलीकडे,” तो म्हणाला, “मी या हातांनी तान्ही पिल्लं उचलली आहेत.” त्याने हात पुढे केले. लोकांनी ते हात पाहिले. “आंधळी पिल्लं. आईला हाका मारत होती. एक तर माझ्या तळहातावर, इथे, शेवटचा श्वास…” त्याला पुढे बोलवेना. त्याने तोंड फिरवलं. खांदा थोडा हलला.

एक बाई हुंदका देऊन रडली. धिप्पाड गृहस्थाने दोरीवरचा हात चटका बसल्यासारखा काढला आणि मोबाइल खिशात टाकला. ती अख्खी तुकडी वाटेवरून पाय न वाजवता परत गेली, जणू आत कुणी झोपलं आहे.

रेंजरबाई नेच्याआडून बाहेर आल्या.

“भावोजी, तुम्ही एकही पिल्लू उचललं नव्हतं.”

बाळ दचकला, मग हसला. “हो. ओकत होतो मी. पण ‘मी ओकत होतो’ असं सांगितलं तर दोरीमागे कोण थांबेल?”

“आणि ती आंधळी नव्हती. वटवाघळाच्या डोळ्यांइतके डोळे तुम्हाला असते तर बरं झालं असतं.”

“आंधळं म्हटलं की लोकांना जास्त लागतं वहिनी.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पट्ट्यावरून ओघळलेलं पोट, मेलेल्या पिल्लांच्या जिवावर पुन्हा उभा राहिलेला धंदा, आणि तोंडावर तेच ते समाधान. हा माणूस सुधारला नव्हता. हा माणूस सुधारणार नव्हता. आपण लिहिलेल्या खऱ्याकडे लोक पाठ फिरवून उभे राहतात आणि याचं खोटं त्यांना जागच्या जागी थांबवतं, ही गोष्ट त्यांना गंधकाच्या वासासारखी घशात बसली. पण आत छतावर, अंधारात, काहीतरी सळसळत होतं. बारीक बारीक चिवचिवाट. या हंगामातली पिल्लं.

खालून वाटेवर पुढच्या तुकडीची पावलं वाजायला लागली.

“येतायत,” बाळ म्हणाला. “आंधळं काढून टाकू?”

बाईंनी क्षणभर विचार केला.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. आणि त्याच्याकडे न पाहता, वाटेच्या कडेला निखळलेली एक फळी ठोकायला निघून गेल्या.